चाड्यावरची मूठ

आमच्या आबांनी कधी पेरणी केली नाही. शेत त्यांचंच होतं, बैल त्यांचे होते, कुळवाच्या पाळ्या तेच घालायचे. खुरपणी, काढणी, मळणी, सगळ्यात पुढे असायचे. पण मृगाचा पाऊस पडून वाफसा आला आणि पाभर शेतात गेली, की आबा बांधावर थांबायचे. चाड्यावर, म्हणजे पाभरीच्या बी सोडायच्या तोंडावर, मूठ आजी धरायची. ओटीत बाजरीचं बी घेऊन ती पाभरीमागून चालायची, बोटांच्या फटीतून दाणे सोडत. बैल चुलते हाकायचे. मी सात-आठ वर्षांचा असताना एकदा बियाण्याची पाटी आबांच्या पुढ्यात नेऊन ठेवली. त्यांनी पाटीकडं पाहिलं, कोरडेच असलेले हात धोतराला पुसले, पाटी उचलली आणि आजीला नेऊन दिली. बियांत हात घातला नाही.

कुणी विचारलंच तर आजी एवढंच म्हणायची, "त्यांचं सुतक फिटायचंय अजून."

आबा दुसऱ्या महायुद्धात बाँबे सॅपर्समध्ये, लष्कराच्या अभियांत्रिकी पलटणीत, होते. खडकीला भरती झाले, तिथून बोटीनं मिसरला, म्हणजे इजिप्तला, गेले. १९४२ च्या उन्हाळ्यात एल अलामेनच्या वाळवंटात सुरुंग पुरायचं काम त्यांच्याकडं होतं. लढाईच्या गोष्टी सांगणाऱ्यांतले ते नव्हते. एकदाच, कशावरून तरी विषय निघाला तेव्हा, म्हणाले होते, "रातीचं काम. दोरी ताणायची. वीतभर खड्डा, तबकडी ठेवायची, वरनं वाळू सारखी करायची, पावलं मोजून फुडं. तासाला तास लावून." मला तेव्हा त्यात मौज वाटली होती. तास म्हणजे पाभरीची ओळ; शेतीचे शब्द लढाईत कसे गेले, याची.

पुढे मी तत्त्वज्ञान शिकवू लागलो. नीतिशास्त्राच्या पेपरात न्याय्य युद्धाची ख्रिस्ती संकल्पना असे, दोन तासिकांची. फळ्यावर अटी लिहायच्या. तेराव्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनसनं तीन सांगितल्या: युद्ध पुकारणारी सत्ता अधिकृत हवी, कारण न्याय्य हवं, हेतू शुद्ध हवा. पुढच्यांनी भर घातली: बाकीचे उपाय थकलेले असावेत, यशाची वाजवी आशा असावी, होणारी हानी टाळलेल्या हानीपेक्षा मोठी नसावी, नि:शस्त्रांना हात लावू नये. पोरं उतरवून घ्यायची. परीक्षेत सहा मार्कांना सहा मुद्दे. एखादा मुलगा 'धर्मयुद्ध' लिहायचा, तेव्हा मी तांबड्या शाईनं दुरुस्त करायचो. मराठीत तो शब्द कुरुक्षेत्रावरच्या नियमांच्या लढाईलाही चालतो आणि जेरुसलेम घ्यायला निघालेल्या युरोपीय फौजांनाही चालतो, आणि या दोन्हींपैकी एकही अक्वायनसच्या मनात नव्हतं. 'न्याय्य' हा शब्द थंड आहे, कचेरीतला वाटतो, पण निदान खोटा नाही.

इतकी वर्षं हे शिकवूनही त्याचा आणि बांधावर उभ्या राहणाऱ्या आबांचा काही संबंध असेल, असं माझ्या मनात आलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर, परीक्षेची घाई संपल्यावर, मी चौथ्या शतकातल्या बिशपांची पत्रं सावकाश वाचायला घेतली. तेव्हा बाझिलचं एक पत्र हाती आलं.

बाझिल हा कॅपाडोशियातल्या सीझरियाचा बिशप. आजच्या तुर्कस्तानातलं कायसेरी ते हेच. इकोनियमचा तरुण बिशप ॲम्फिलोकियस त्याला अडचणी विचारायचा आणि बाझिल एकेक करून उत्तरं द्यायचा. साधारण ३७४ सालच्या या पत्रात नाना तऱ्हेच्या अडचणी आहेत. कुत्र्याला मारलेला दगड माणसाला लागून माणूस मेला, तर तो खून म्हणायचा का? रागानं कुऱ्हाड उगारली, तर? हात कुठं होता, मन कुठं होतं, हे बाझिल चिमट्यानं उचलून पाहतो. आणि तेराव्या क्रमांकावर, अवघ्या दोन वाक्यांत, सैनिक येतात.

तो म्हणतो, आपल्या वाडवडिलांनी लढाईतल्या मारण्याला खून मानलं नाही. शील आणि श्रद्धा राखण्यासाठी लढणाऱ्यांना त्यांनी सूट दिली, असं मला वाटतं. पण त्यांचे हात स्वच्छ नाहीत, म्हणून त्यांनी तीन वर्षं फक्त प्रभुभोजनापासून, म्हणजे चर्चमधल्या भाकर-प्याल्याच्या विधीपासून, दूर राहावं, असा सल्ला देणं कदाचित बरं.

वाचून मी पत्र बाजूला ठेवलं. बाहेर अंधार पडला होता, दिवा लावायचंही सुचलं नाही.

या दोन वाक्यांत किती काळजी आहे बघा. खून नाही, हे त्यानं आधी सांगून टाकलं. शिपायाला खुनी म्हणायला त्याची जीभ वळत नाही. तरी हात स्वच्छ नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एक खरी म्हणून दुसरी तो पुसून टाकत नाही. त्यातही हुकूम नाही, 'सल्ला' आहे, आणि त्याच्याआधी 'कदाचित' आहे. प्रार्थनेला ये, सगळ्यांच्यात उभा राहा, वचन ऐक. फक्त भाकर आणि प्याला पुढं आला की हात पुढं करू नकोस. तीन वर्षं.

आबांनी पाटी उचलली होती. बियांत हात घातला नव्हता.

हा सल्ला फारसा पाळला गेला नाही, असं पुढच्या काळातल्या ग्रीक भाष्यकारांनीच लिहून ठेवलंय. सरहद्दीवर सतत लढणाऱ्या साम्राज्यात पाळणार तरी कसा? पण तो मेलाही नाही. दहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट निकेफोरस फोकस यानं आग्रह धरला की मुसलमानांशी लढताना पडलेल्या आपल्या सैनिकांना चर्चनं हुतात्मे म्हणून घोषित करावं. सम्राट स्वतः नावाजलेला सेनापती. तरी तिथला मुख्य धर्मगुरू, पॅट्रिआर्क पोलियुक्टस, आणि त्याच्या बिशपांनी नकार दिला, आणि आधार दिला तो याच दोन वाक्यांचा. ज्यांना तीन वर्षं प्याल्यापासून दूर ठेवायचं, त्यांना संत कसं म्हणायचं? सहाशे वर्षांपूर्वीचा एक 'कदाचित' सम्राटाला आडवा आला.

पश्चिमेकडं हाच विचार उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचा बिशप ऑगस्टिन यानं वेगळ्या वाटेनं केला. न्याय्य युद्धाच्या ख्रिस्ती विचाराचा जनक म्हणून मी वर्गात त्याचं नाव सांगायचो आणि अक्वायनसकडं वळायचो. ऑगस्टिन बारा-पंधरा मिनिटांत उरकायचा नव्हता, हे आता कळतं. आफ्रिकेतल्या रोमन सेनानी बोनिफेसपुढं प्रश्न होता, शस्त्र धरून देवाला आवडता राहता येतं का? ऑगस्टिन म्हणतो, येतं. पण शांती ही तुझी इच्छा असू दे, युद्ध ही केवळ गरज. समोर लढणाऱ्या शत्रूला मारायचंच झालं, तर ते गरजेनं मारलं जावं, तुझ्या मर्जीनं नव्हे. दुसरीकडं तो लिहितो की शहाणा माणूस न्याय्य युद्धं करील असं म्हणतात. पण आपण माणूस आहोत हे त्याला आठवत असेल, तर न्याय्य युद्धंसुद्धा करावी लागतात याचं त्याला दुःख होईल. आणि या साऱ्याकडं बघून ज्याला दुःखच होत नाही, तो जास्त दुर्दैवी, कारण त्याची माणुसकीची जाणीवच गेलेली आहे.

मी पोरांना अटी शिकवल्या आणि दुःख गाळलं.

ऑगस्टिनचं मरण या संदर्भात पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतं. ४३० सालचा उन्हाळा. व्हँडल टोळ्यांनी हिप्पो शहराला वेढा घातलाय. शहराचा बचाव करायला आत आहे तोच बोनिफेस. वेढ्याचा तिसरा महिना, ऑगस्टिन तापानं अंथरुणाला खिळलेला, वय पंचाहत्तर. त्याचा शिष्य पोसिडियस तिथंच होता, त्यानं लिहून ठेवलंय: ऑगस्टिननं बायबलमधली दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रं उतरवून घेतली, ती पानं पलंगाजवळच्या भिंतीवर लावायला सांगितली, आणि पडल्या पडल्या वाचत तो रडत राहिला. बाहेर त्याच्याच कसोटीनं पाहिलं तर न्याय्य ठरावं असं बचावाचं युद्ध चाललेलं, आणि आत त्याचा हा जनक भिंतीवरची क्षमायाचना वाचतोय. २८ ऑगस्टला तो गेला. तो कुठल्या पापांसाठी रडत होता ते पोसिडियस सांगत नाही, आणि युद्धाचा धागा मी ओढूनताणून जोडणार नाही. पण त्या भिंतीकडं पाठ करून त्याचं युद्धावरचं लिखाण मला आता वाचता येत नाही.

आता जे सांगणार आहे, त्यासाठीच खरं तर लिहायला बसलो.

१४ ऑक्टोबर १०६६. हेस्टिंग्जची लढाई. नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम इंग्लंडच्या गादीवर आपला हक्क सांगत उतरला आणि जिंकला. पोपनं त्याला ध्वज पाठवला होता असं त्याच्याच इतिवृत्तकारानं लिहिलंय. म्हणजे त्या काळच्या चर्चच्या लेखी सत्ता अधिकृत, कारण न्याय्य. आणि तरी, लढाईनंतर तीन-चार वर्षांत, नॉर्मन बिशपांनी आपल्याच विजयी सैन्यासाठी प्रायश्चित्ताची यादी काढली. पोपचा दूत, सियोनचा बिशप अर्मेनफ्रिड, यानं तिला मान्यता दिली.

मोठ्या लढाईत ज्यानं माणूस मारला हे त्याला ठाऊक आहे, त्यानं दर माणसामागं एक वर्ष प्रायश्चित्त करावं. वार केला पण तो मेला की नाही ठाऊक नाही, तर दर माणसामागं चाळीस दिवस. किती मारले याचा आकडाच ठाऊक नसेल, तर जन्मभर आठवड्यातून एक दिवस, नाहीतर एखादं चर्च बांधावं किंवा चर्चला दान द्यावं. कुणाला मारलं नाही, पण मारायची इच्छा होती, त्यानं तीन दिवस. आणि मग तिरंदाज. बाण सोडला, कुणाला लागला, कोण मेलं, कोण जखमी झालं, काही ठाऊक नाही: त्यांनी चाळीस-चाळीस दिवसांची तीन प्रायश्चित्तं करावीत.

तिरंदाजांपाशी मी थांबलो. नऊशे वर्षांपूर्वी कुणीतरी बसून विचार केला होता, की ज्याला आपण कुणाला मारलं हेच कळलेलं नाही, त्याचं काय करायचं? त्याचं ओझं कमी की जास्त? त्याला 'तुला ठाऊकच नाही, तर जा घरी' असं म्हणता आलं असतं. म्हटलं नाही.

सुरुंग पुरणारा तर बाणही सुटताना पाहत नाही. तो वाळू सारखी करतो आणि निघून जातो. पाय पडतो तेव्हा तो दुसऱ्या गावात असतो, दुसऱ्या देशात असतो, सातारा जिल्ह्यात बांधावर उभा असतो.

या यादीत मला खटकणारंही आहे, ते लपवत नाही. पापाला दर लावला की ते फेडून टाकता येतं. विल्यमनं लढाईच्या जागी मठ बांधला. सांगतात की इंग्लंडचा राजा हॅरल्ड जिथं पडला, तिथंच मुख्य वेदी होती. पण इंग्लंड काही त्यानं परत केलं नाही. तिरंदाजाला एकशेवीस दिवस आणि राजाला दगडी इमारत, हा हिशेब मला जुळलेला दिसत नाही. राजानं खरोखर मान खाली घातल्याचं उदाहरण त्याआधीचं आहे. ३९० साली थेसलोनिकात सम्राट थिओडोसियसच्या हुकमानं लोकांची कत्तल झाली, तेव्हा मिलानचा बिशप अँब्रोझनं त्याला पत्र लिहून कळवलं, की प्रायश्चित्ताशिवाय तू समोर असताना मी प्रभुभोजनाचा विधी करणार नाही. सम्राटानं राजवस्त्रं उतरवून चर्चमध्ये सर्वांदेखत क्षमा मागितली. अशी उदाहरणं बोटांवर मोजावीत इतकीच.

दुसरी गोष्ट जास्त टोचते. त्याच यादीत आहे, की जे निव्वळ मोबदल्यासाठी लढले, त्यांनी खुनाचं प्रायश्चित्त करावं. आबा पगारासाठी भरती झाले होते. पाऊस पडत नव्हता, घरात खाणारी तोंडं होती, खडकीत महिन्याच्या महिन्याला पैसे मिळत होते. शिवाय युद्ध कुणाचं? ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात असल्याचं जाहीर केलं, तेव्हा इथल्या एकाही माणसाला विचारलं नव्हतं. 'अधिकृत सत्ता' या पहिल्याच अटीवर आबांच्या बाजूनं काय लिहायचं? सोळाव्या शतकात सालामांकाच्या विद्यापीठात फ्रान्सिस्को दे वितोरियानं या प्रश्नाला हात घातला होता. स्पेननं अमेरिकेत चालवलेल्या विजयांबद्दल बोलताना १५३९ मध्ये तो म्हणाला की धर्म वेगळा आहे हे युद्धाचं न्याय्य कारण नाही, राज्य वाढवणं नाही, राजाची कीर्तीही नाही. आणि युद्ध अन्याय्य आहे याची प्रजाजनाला खात्री पटली असेल, तर राजानं सांगितलं तरी त्यानं लढू नये. पण खात्री पटायला आधी कुणी काही सांगावं तरी लागतं. शंका असेल तर शिपायानं राजावर भरवसा ठेवावा, अशी मोकळीक वितोरिया देतोच. समोर रोमेल होता, त्याच्यामागं हिटलर. युद्ध न्याय्य होतं, असं मी आजही म्हणेन. ते आबांचं होतं का, याचं उत्तर माझ्याकडं नाही.

आणि मग १०९५ येतं. हेस्टिंग्जच्या त्या यादीला जेमतेम पंचवीस वर्षं झालेली. क्लेर्माँच्या धर्मसभेत पोप अर्बन दुसरा जेरुसलेमच्या मोहिमेची हाक देतो, आणि त्या सभेचा ठराव सांगतो: मान किंवा पैसा यांसाठी नव्हे, तर निव्वळ भक्तीनं जो जेरुसलेमला देवाचं चर्च मुक्त करायला जाईल, त्याचा तो प्रवासच त्याच्या साऱ्या प्रायश्चित्ताच्या जागी धरला जाईल.

सावकाश वाचा. काल मारल्याबद्दल प्रायश्चित्त होतं. आज मारायला निघणं हेच प्रायश्चित्त झालं. ख्रिस्ती युद्धविचारातली सर्वांत मोठी पडझड मला इथं दिसते, अटींमधल्या कुठल्याही तडजोडीपेक्षा मोठी. अटी नंतरही राहिल्या, वाढल्या, वकिलांनी घासूनपुसून लखलखीत केल्या, आंतरराष्ट्रीय कायद्यात गेल्या. मागं पडलं ते हात बघणं. आज कुठलंही सरकार युद्धाला निघतं तेव्हा अटींची भाषा बोलतं: शेवटचा उपाय, प्रमाणशीर, नाइलाज. लढाईनंतर तीन वर्षं आम्ही प्याल्याला हात लावणार नाही, असं बोलणारं सरकार मी ऐकलेलं नाही.

आपल्याकडं हे अनोळखी नाही. युद्ध जिंकून सिंहासनापुढं उभा राहिलेला युधिष्ठिर म्हणतो मला हे नको, आणि अख्खं शांतिपर्व त्याला समजावण्यात जातं. पापक्षालनासाठी अश्वमेध करायला व्यास सांगतात. कृष्ण स्वतः ज्यांच्या बाजूनं होता, त्यांनाही क्षालन लागलंच.

कधीतरी मात्र जुना धागा वर येतो. २६ जुलै १९८२, लंडनचं सेंट पॉल्स कॅथीड्रल, फॉकलंड युद्धानंतरची प्रार्थनासभा. पंतप्रधान थॅचर समोर बसलेल्या. प्रवचनाला कँटरबरीचे आर्चबिशप रॉबर्ट रन्सी. ते म्हणाले, युद्ध ही माणसाच्या अपयशाची खूण आहे, आणि आज इथं जे काही आपण बोलू-करू ते या जाणिवेतच. अर्जेंटिनाच्या शोक करणाऱ्या घरांचीही त्यांनी आठवण काढली. विजयाचा गजर अपेक्षित असलेल्यांना ते रुचलं नाही. पण बोलणारा माणूस कोण होता? स्कॉट्स गार्ड्समधला रणगाड्यावरचा अधिकारी, १९४५ चा मिलिटरी क्रॉस मिळवलेला. आपण उडवलेल्या एका जर्मन रणगाड्यापाशी तो चालत गेला होता. आत तरुण पोरं मरून पडलेली दिसली आणि त्याला उलटी झाली, असं त्यानं पुढे सांगितलं. तो शांततावादी नव्हता, आणि लढलो ते चुकलं असंही म्हणत नव्हता. तो रणगाड्यापर्यंत चालत गेला होता, इतकंच.

सुरुंगवाल्याला तेही करता येत नाही. कुठं चालत जाणार?

आजीचा शब्द मी बरेच दिवस घोळवला. सुतक हे प्रायश्चित्त नव्हे. सुतकात दोष कुणाचा ते विचारत नाहीत. मरण जवळून गेलं, म्हणून काही दिवस देवापासून लांब बसायचं. दिवस भरले की ते आपोआप फिटतं. बाझिलची तीन वर्षं मला दोहोंच्या मधली वाटतात. आबांचे दिवस कुणी मोजून दिले नव्हते. गावात बिशप नव्हता, यादी नव्हती. 'इतके दिवस कर आणि मग ये' असं सांगणारं कुणी असतं, तर कदाचित एखाद्या जूनमध्ये त्यांनी चाड्यावर मूठ धरलीही असती. १९४६ ला परत आल्यापासून मरेपर्यंत त्यांनी ती धरली नाही.

कॉलेजात असताना, सुट्टीत घरी आलो की मी त्यांना पेपर वाचून दाखवायचो. एकदा आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. इजिप्तच्या वाळवंटात दुसऱ्या महायुद्धातला जुना सुरुंग फुटून एक जण दगावला होता. मला वाटलं त्यांच्या ओळखीचा मुलूख आहे, म्हणून उत्साहानं वाचली. आबा वाकळेवर बसून दोर वळत होते. हात थांबले.

"परत वाच."

मी परत वाचली.

"गडी व्हता का पोरगं?"

मी पान उलटून पाहिलं, खाली-वर पाहिलं. बातमीत तेवढं दिलं नव्हतं.